बोअरला गरम पाणी लागलं

“मॅडम, अजून थोडं थांबा. सुरवातीले थंडंच येते. मंग गरम होते,” सरपंच विनोदभाऊ म्हणाले.

मी पाइपातून हौदात पडणाऱ्या धारेखाली थर्मामीटर धरून उभी होते. बाळापूर तालुक्यातल्या एका गावाबाहेरचा फुलांचा मळा, जानेवारीची सकाळ. थर्मामीटर सत्तावीस अंश दाखवत होता. आमच्याकडे कुठल्याही बोअरचं पाणी साधारण तेवढंच असतं. हौदाच्या काठावर गावातल्या काही म्हाताऱ्या खांद्यावर टॉवेल टाकून बसल्या होत्या. पाणी गरम व्हायची वाट बघत.

मी भूवैज्ञानिक आहे. जमिनीखालचं पाणी किती आहे, कसं आहे आणि कुठून आलं, हे तपासणं माझं काम. विहिरींची पातळी मोजायची, पाण्याचे नमुने घ्यायचे, नवीन बोअरसाठी जागा बघायची. ऑफिस अकोल्याला, घर अमरावतीला, माहेर वलगावचं. त्यामुळे शेतातली बोली मला शिकावी लागली नाही. साहेबांसमोर मी पुस्तकी बोलते आणि बांधावर गेले की आपोआप वऱ्हाडीवर येते.

दोन दिवसांपूर्वी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. साहेब पुण्याकडचे. फोनवर एक व्हिडिओ लावून त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. पाइपातून करंगळीएवढी धार पडतेय, तिच्यातून वाफा निघतायत आणि कोणीतरी मागून सांगतंय की आमच्या गावात गरम पाण्याचा झरा निघाला.

“काय वाटतं?” साहेबांनी विचारलं.

“थंडीतली वाफ असेल, सर.”

“म्हणजे?”

जमिनीवरचं ऊन आणि थंडी काही मीटर खाली गेलं की पोहोचत नाहीत. तिथलं तापमान बारा महिने जवळजवळ एकच राहतं. म्हणून विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गार लागतं आणि हिवाळ्यात कोमट. पाणी बदलत नाही, आपलं अंग बदललेलं असतं. जानेवारीच्या पहाटे हवा दहा-बारा अंशांवर आली की सत्तावीस अंशांच्या पाण्यातूनही वाफ निघताना दिसते. थंडीत आपल्या तोंडातून निघते तशीच. ती दिसली म्हणजे पाणी उकळतंय असं नाही.

साहेबांनी ऐकून घेतलं. “पण सरपंच म्हणतायत, हात भाजतो. लोक येतायत. त्यांना गरम झऱ्याचं सर्टिफिकेट हवंय. हायवेवर बोर्ड लावायचाय. जाऊन बघा. आणि मॅडम, खरा निघाला तर चांगलंच आहे आपल्यासाठी.”

शेवटचं वाक्य माझ्या मनातलंही होतं. नोकरीत इतकी वर्षं मी आटलेल्या विहिरीच मोजत आले होते. नवा गरम झरा सापडणं हे आमच्या धंद्यातलं मोठं नशीब.

तर त्या सकाळी मी हौदाशी उभी होते आणि पाणी खरंच तापायला लागलं. तीस. तेहतीस. अर्ध्या-पाऊण तासात अडतीस. मग बेचाळीसच्या पुढे जाऊन आकडा थांबला. म्हणजे अंघोळीला बादलीत घेतो तेवढं. थर्मामीटर खोटं बोलतोय का, म्हणून मी दुसरा लावला. तोही तेच बोलला. मग हात धरून पाहिला. छान गरम.

बायका एकेक करून पाय सोडून बसल्या. सगळ्यात आधी मळ्याच्या मालकाची आई, कौसल्याआजी. त्यांच्या डाव्या गुडघ्याचं दुखणं जुनं. एका हातानं त्यांनी लोखंडी पाइप धरला, दुसऱ्या हातानं लुगडं सावरलं आणि दोन्ही पाय पाण्यात सोडून डोळे मिटले.

“पाहा मॅडम,” विनोदभाऊ म्हणाले. “आता बोला.”

मी आकडा वहीत लिहून घेतला. कोकणात गरम पाण्याचे झरे आहेत आणि तिथे कुठे ज्वालामुखी पेटलेला नाही. जमिनीत जसजसं खोल जावं तसतशी उष्णता वाढते. पावसाचं पाणी भेगांमधून खूप खोल उतरतं, तापतं आणि दुसऱ्या भेगेतून पटकन वर येतं. असं इथेही झालं असेल तर?

पण मन पुढे पळालं तरी काम क्रमानं करावं लागतं. मी मालकाला, सुधाकरभाऊंना, बाजूला घेतलं. चाळिशीचा शांत माणूस. झेंडू, शेवंती, थोडी भाजी. पिकाला मुख्य पाणी शेततळ्याचं, बोअर नुसता आधाराला.

“बोअर किती खोल हाय, भाऊ?”

“दोनशे फूट.”

“पाणी किती देते?”

“कायचं देते, मॅडम. मोठी धार सोडली का लगेच खाली पाणी सरते. म्हणून वॉल्व्ह पार आवळून ठेवला. बारीक धार चालू ठेवतो, हौद भरते.”

“गरम कवापासून येऊन राहिलं?”

“दिवाळी झाल्यावर. आधी मले वाटलं भास हाय. मंग आई म्हणे, हातपाय धुवाले मस्त पाणी येऊन राहिलं.”

दोनशे फूट ऐकून माझा उत्साह थोडा उतरला. तेवढ्या खोलीत जमीन एखाद-दोन अंशांनी तापते, पंधरा-सोळा अंशांनी नाही. इतकं गरम पाणी यायचं तर ते अर्ध्या किलोमीटरपेक्षाही खालून यायला हवं. येऊ शकतं, पण मग त्याच्या खुणा दिसतात. खोलवरून आलेल्या पाण्यात बहुतेक वेळा वेगळे क्षार असतात. कधी गंधकाचा वास असतो.

इथे वास नव्हता. मी ईसी मीटर काढला. पाण्यात क्षार किती ते सांगणारं हे पेनाएवढं यंत्र. करतं एवढंच, की पाण्यातून अगदी बारीक करंट सोडून बघतं. शुद्ध पाण्यातून वीज जेमतेम जाते, खारट पाण्यातून सहज जाते. जितकी सहज, तितकं पाणी खारं. हा सगळा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णा नदीच्या खोऱ्यात गाळाचा जाड थर आहे, त्यातून पाणी फार हळू सरकतं आणि त्यात क्षार साठत जातात. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, तरी इथल्या कित्येक बोअरचं पाणी जिभेवर ठेववत नाही.

शेजारच्या मळ्यातून मी बाटलीभर पाणी आणवलं होतं. ते तपासलं. चांगलंच खारं. मग हौदातलं तपासायला गेले तर मीटरवरचा आकडा स्थिरच होईना. वर-खाली उड्या मारत होता. मी हौदातलं पाणी मगात काढलं, दूर नेऊन ओट्यावर ठेवलं आणि पुन्हा मीटर बुडवला. आकडा लगेच थांबला. शेजारच्या पाण्याइतकाच खारा.

म्हणजे पाणी तेच होतं. शेजारचं थंड, हे गरम, पण दोन्ही एकाच घरची. आणि मगात गप्प बसणारा मीटर हौदात का नाचत होता, हे मला कळेना.

मी जीपच्या बॉनेटला टेकून चहा घेतला आणि सकाळचा क्रम मनात पुन्हा लावला. मोटर सुरू केली तेव्हा पाणी थंड होतं. मग हळूहळू तापत गेलं. इथे मला थांबावं लागलं. रात्रभर विजेची लाइन नव्हती, म्हणजे बोअरमधलं पाणी रात्रभर जमिनीच्या पोटात बसून होतं. उष्णता जमिनीची असती तर पहिली धारच गरम यायला हवी होती. इथे उलटं होतं.

मी सुधाकरभाऊंना विचारलं, “गेल्या आठवड्यात तुमची लाइन रातची होती ना?”

“होय.”

“तवा पाणी कवा गरम येत होतं?”

“रातीच. मोटर लावली का अर्ध्या-एक घंट्यानं.”

“आन दिवसा?”

“दिवसा लाइनच नाई तं मोटर कशी लागन? बोअरात दोरीनं बाटली सोडून पाह्यली होती एकदा दुपारी. थंडं होतं.”

शेतीची वीज पाळीनं मिळते, एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्या आठवड्यात रात्री. आणि हा झरा ती पाळी पाळत होता. पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेला विजेचं वेळापत्रक माहीत असायचं काही कारण नाही.

माझा झरा गेला, हे मला तिथेच कळलं. वाईट वाटलं. बोअरमध्ये पाण्यात बुडालेली मोटर गरम होत असेल, पाणी कमी, धार बारीक, म्हणून पाणी तापत असेल, असा विचार करत मी हौदाकडे परत आले. सरपंचांना हे कसं सांगायचं, याची जुळवाजुळव चालली होती. सहज म्हणून मी कौसल्याआजींजवळ उकिडवी बसले.

“आजी, बरं वाटते का गुडघ्याले?”

“लय बरं वाटते, बाई.” त्यांनी डोळे उघडले. “निरं गरम पाणी नाई हे. याच्यात शक्ती हाय. पाय टाकला का झिणझिण्या येतात. पार मांडीलोक चढतात. मंग गुडघा मोकळा होते.”

“झिणझिण्या?”

“हं. पाइपाले हात लावला का हातातबी येतात. सगळ्याइलेच येतात. इचार ना.”

बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. एकीनं सांगितलं की तिला जास्त येतात, कारण तिची श्रद्धा जास्त आहे.

मी तासभर त्या पाण्यात हात घालत होते आणि मला काही लागलं नव्हतं. मी खाली पाहिलं. माझ्या पायात रबरी गमबूट होते. फील्डवर आम्ही ते घालतोच. बायका सगळ्या अनवाणी, ओल्या जमिनीवर नाहीतर पाण्यात. विजेला जमिनीत जायला वाट लागते. माझ्या बुटांनी ती अडवली होती. त्यांच्यातून ती जात होती.

ओरडायचं नाही, एवढं मला सुचलं. ओरडले असते तर कोणीतरी दचकून पाइपच घट्ट धरला असता.

“आजी,” मी म्हटलं, “पाइपावरचा हात काढा बरं. हं, असा. आता काहीच धरू नका. बसल्या जागी बसा.”

मग सुधाकरभाऊंकडे वळून म्हटलं, “भाऊ, मोटर बंद करा.”

“कावून? आताच तं गरम झालं.”

“आधी बंद करा, मंग सांगते. आन स्टार्टरले हात लावाच्या आधी चपला घाला, कोरड्या जागी उभे राहा.”

माझ्या आवाजात काय होतं कोणास ठाऊक. त्यांनी चपला पायात सरकवल्या. पळत खोपटात गेले. स्टार्टरचा खटका पडल्याचा आवाज आला आणि धार थांबली. मग मी एकेका बाईला हात देऊन हौदावरून उठवलं. आजी शेवटी उठल्या, कारण त्यांना उठायचंच नव्हतं.

विनोदभाऊंचा चेहरा बदलला होता. “मॅडम, हे काय लावलं? माणसं दुरून येऊन राहिले.”

“सरपंच, पाइपात करंट हाय.”

“काय बोलता? करंट असता तं माणूस चिपकून मेला नसता काय?”

मी जीपमधून लाइन टेस्टर आणला. सगळ्यांना लांब उभं केलं, सुधाकरभाऊंना मोटर पुन्हा लावायला सांगितली आणि टेस्टरचं टोक पाइपाला टेकवलं. टेस्टरमधला दिवा लागला. भर उन्हात तो नीट दिसत नव्हता, म्हणून विनोदभाऊ वाकले आणि हाताचा आडोसा करून त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सरळ उभे राहिले आणि स्वतःच म्हणाले, “सुधाकर, बंद कर ते.”

वायरमनला बोलावलं. दुसऱ्या दिवशी चेनपुली लावून मोटर वर काढली. मी मुद्दाम अकोल्याहून परत आले. साहेब म्हणाले होते की आता ते आपलं काम नाही, पण मला डोळ्यांनी बघायचं होतं.

मोटरच्या थोडं वर केबलला जोड होता. गेल्या उन्हाळ्यात पाणी खाली गेलं म्हणून मोटर आणखी खोल सोडली होती. केबल कमी पडली, म्हणून तुकडा जोडून वर साधी टेप गुंडाळली होती. पाण्याखालच्या जोडाला खास वॉटरप्रूफ सामान लागतं. साधी टेप त्या खाऱ्या पाण्यात सहा महिनेही टिकली नाही. तिच्या चिंध्या झाल्या होत्या आणि आतलं तांबं हिरवं पडून उघडं झालं होतं.

मी सगळ्यांना बसवून सांगितलं. तुम्ही बादलीत हीटर टाकता, त्यात तार तापते आणि पाणी तापवते. इथे तारेशिवायच काम चाललं होतं. उघड्या तांब्यातून करंट पाण्यात उतरत होता आणि पाण्यातून बोअरच्या लोखंडी केसिंगमध्ये जात होता. केसिंग म्हणजे बोअरची माती ढासळू नये म्हणून आत बसवलेला नळ. वाटेत पाणी तापत होतं. गोड पाणी असतं तर एवढा करंट गेलाच नसता. हे खारं, म्हणून गेला. त्यात धार बारीक, म्हणून मोटरची उष्णताही त्याच पाण्यात साठत गेली. पाइपातून तोच करंट हौदात येत होता, म्हणून माझा ईसी मीटर तिथे नाचत होता आणि मगात गप्प बसला.

“मंग माणसं वाचले कसे?” विनोदभाऊंनी विचारलं.

“बराचसा करंट केसिंगातून सरळ जमिनीत जाऊन राहिला होता. उरलेला तुमाले झिणझिण्या देत होता. रोज तेवढाच उरन याचा भरवसा नाई.”

“आन फ्यूज?” वायरमननं विचारलं.

सुधाकरभाऊंनी मान खाली घातली. “फ्यूज सारखा उडे. म्हणून जाड तार टाकली.”

तिथे उभ्या असलेल्या निम्म्या माणसांच्या खोपटात तसलीच जाड तार असणार, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं. फ्यूज उडतो म्हणजे तो बिघडलेला नसतो. काहीतरी चुकतंय, हे तो सांगत असतो. त्याच्या जागी जाड तार टाकली की तो गप्प बसतो, चूक तशीच राहते.

कौसल्याआजी मात्र एका गोष्टीवर अडून बसल्या. “तू म्हणतं ते खरं असन. पण माहा गुडघा तं बरा झाला ना? थो कशानं?”

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, “गरम पाण्यानं, आजी. गरम शेकानं आखडलेलं मोकळं होते. त्याले करंट नाई लागत.”

“आता गरम पाणी कुठून आणू? रोज कोण चूल पेटवन?”

यावर बोलताना मला मळ्यातली ठिबकची काळी नळी दिसली. उन्हात पडलेल्या काळ्या नळीतून दुपारी पहिलं पाणी कढत येतं, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. काळा रंग ऊन परत पाठवत नाही, पिऊन टाकतो. मी सुधाकरभाऊंना म्हटलं, जुन्या नळीचं मोठं भेंडोळं करून खोपटाच्या पत्र्यावर टाका, शेततळ्याच्या पाण्यानं भरून ठेवा आणि दुपारी खाली घमेल्यात सोडा. त्यांना ते लगेच पटलं. नळी पडूनच होती.

ऑफिसात गेल्यावर साहेबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, “म्हणजे झरा नाही.”

“नाही, सर.”

“मी वर फोन करून ठेवला होता.” मग माझ्याकडे वळले. “बरं झालं तुम्ही गेलात. मी गेलो असतो तर मीही तिथे पाय सोडून बसलो असतो.”

साहेबांनी मला दिलेली ही सगळ्यात मोठी शाबासकी.

हायवेवर बोर्ड लागला नाही. विनोदभाऊ आठवडाभर रुसले. नंतर त्यांनीच वायरमनला घेऊन गावातल्या बोअरच्या सगळ्या मोटरी तपासून घेतल्या आणि आणखी काही ठिकाणी तसलेच टेपचे जोड निघाले. आता ते दुसऱ्या गावच्या सरपंचांना हा किस्सा सांगतात. त्यात झिणझिण्यांची शंका पहिल्यांदा त्यांनाच आलेली असते. मी ते दुरुस्त करत नाही. किस्सा कोणाच्याही नावावर फिरो, लोक फ्यूज तरी बदलतायत.

होळीच्या आसपास मी त्या बाजूला पातळी मोजायला गेले होते. सुधाकरभाऊंनी बोअरला नवीन केबल घातली होती आणि पाणी सत्तावीस अंशांचं होतं. शेवंती संपत आली होती. खोपटाच्या सावलीत कौसल्याआजी घमेल्यात पाय सोडून बसल्या होत्या. त्यांच्याबरोबर आधीच्याच दोन-तीन बायका, प्रत्येकीचं आपापलं घमेलं. मलाही बसवलं. गमबूट काढून मी पाय पाण्यात टाकले. पाणी बोअरच्या त्या दिवशीच्या पाण्यापेक्षा जरा जास्तच गरम होतं.

“झिणझिण्या येतात का?” मी विचारलं.

“नाई येत,” आजी म्हणाल्या. “पण गोष्टी जास्त होतात. तिथं हौदावर सगळ्या डोळे मिटून बसत होत्या.”

त्यानंतर मला अजून दोनदा गरम पाण्याच्या बोअरसाठी फोन आले, एकदा धामणगावकडून. आता मी जीप काढायच्या आधी फोनवरच सांगते: मोटर एक दिवस बंद ठेवा, सगळ्यांना पाण्यापासून लांब ठेवा, वायरमनकडून केबल तपासून घ्या आणि दुसऱ्या दिवशी दोरीनं बाटली सोडून पाणी काढा. तेही गरम असेल तर मला बोलवा. अजून कोणी बोलावलेलं नाही.